तुझ्या वाट्याचे अध्याय

ओल्ड प्रॉव्हिडन्स,
सोमवार, ९ जानेवारी १९८४

झेल्मा,

हे पत्र कॅप्टन एफ्रिनच्या हाती देतेय. तो गलबतात नारळ घेऊन तुमच्या कोलोनला निघालाय. पत्र फाडायचं असेल तर तो गेल्यावर फाड. त्याच्यासमोर फाडलंस तर परत येऊन तो अख्ख्या बेटाला सांगेल, आणि मला पुढचे सहा महिने बाजारात मान खाली घालून जावं लागेल.

अकरा वर्षांत मी तुला ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. आज काम निघालं म्हणून लिहितेय. कामाशिवाय लिहिलं असतं असं समजू नकोस.

चर्चचं नवं छप्पर पुरं झालं. उद्‌घाटनाला पाहुणे बोलवावेत, भाषणं करावीत असं काहींचं म्हणणं होतं. पास्टर वेब्स्टर म्हणाले, "भाषणांनीच जुनं छप्पर खाली आलं." त्यांनी ठरवलंय की नव्या छपराखाली पहिल्यांदा सबंध बायबल मोठ्यानं वाचून काढायचं. झावळ्यांच्या रविवारपासून पुनरुत्थानाच्या रविवारपर्यंत, आठ दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त. प्रत्येक घराला एकेक वाटा. चिठ्ठ्या टाकल्या. रॉबिन्सनांना नियमांनी भरलेलं लेवीय निघालं, ते तोंड पाडून घरी गेले. आर्चबोल्डांना गीतरत्न, ते प्रेमगीतांचं पुस्तक, निघालं. म्हातारा ऐंशीचा आहे, रोज कुंपणापाशी उभा राहून मोठ्यानं सराव करतो, आणि त्याची बायको आतून खिडक्या लावून घेते.

आपल्या घराला योहानाचं शुभवर्तमान निघालं. पास्टरांनी घड्याळ लावून हिशोब केला. शनिवारी, २१ एप्रिलला दुपारी चारला सुरू होईल आणि सूर्य बुडताना संपेल. अध्याय एकवीस. त्यातले अकरा माझे, दहा तुझे.

पास्टर म्हणाले, "मिस मिंटा, ते दहा दुसरं कुणीही वाचेल."

मी म्हटलं, "आमच्या घरात वाचत नाहीत."

ते इथले नाहीत, त्यांना काय माहीत. तुला तरी पापांनी आपल्या दोघी बहिणींना घालून दिलेला नियम आठवत असेल. एक, तीन, पाच थोरलीचे. दोन, चार, सहा धाकटीचे. जिचा अध्याय तिनंच वाचायचा, दुसरीनं ऐकायचा. तुला गालगुंड झाले होते तेव्हा यिर्मया संदेष्टा नऊ दिवस विहिरीत पडून राहिला होता, कारण तुझा अडतिसावा अध्याय अर्ध्यावर थांबला होता आणि पापा म्हणाले, "तिची सूज उतरू द्या, तोवर त्याला काही होत नाही." शेवटी तू अर्ध्या तोंडानं वाचलास आणि त्याला दोरानं वर काढलंस.

तर ये आणि तुझे दहा वाच, एवढंच माझं काम आहे. शनिवार म्हणजे तुमचा शब्बाथ, हे मला माहीत आहे. मी मुद्दाम निवडला नाही, चिठ्ठीनं निवडला. शब्बाथाच्या दिवशी शास्त्र वाचायला तुमच्याकडेही बंदी नसावी.

आणि त्या जेवणाबद्दल अजून मनात असेल, तर कालवणात खेकडा चुकून पडला होता. भांडं तेच होतं, आदल्या दिवशीचं. गर्दीत होतं असं.

माझं वाचन चालू आहे. आज सकाळी उत्पत्तीचा एकोणतिसावा झाला. लेआ आणि राहेल, दोघी बहिणी. थोरलीचे डोळे अधू होते, असं त्यात लिहिलंय. मला गेल्या वर्षी चष्मा लागला. त्यानंतर तिसावा होता, पण मी चहा प्यायले.

तुझ्या नवऱ्याला नमस्कार सांग, त्याला घ्यायचा असेल तर.

अर्मिंटा


ओल्ड प्रॉव्हिडन्स,
बुधवार, १ फेब्रुवारी १९८४

झेल्मा,

तुझं कार्ड मिळालं. तुमच्याकडच्या जहाजांच्या कालव्याचं चित्र छान आहे. मागच्या बाजूला एवढी जागा होती आणि तू एकच शब्द लिहिलास: "चुकून?"

एफ्रिन म्हणाला, तू माझं पत्र धक्क्यावर उभ्यानंच वाचलंस, दोनदा, मग त्याचाच पेन मागून त्याच्याच पाठीवर कार्ड ठेवून लिहिलंस. प्रश्नचिन्ह त्याला पाठीत टोचलं म्हणतो.

काल सकाळी ओसरीवर लेवीय अकरा आला. तो माझा. पाण्यातलं ज्याला पर आणि खवले नाहीत ते खाऊ नका. मी नऊ वर्षांची असल्यापासून दर वर्षी हे मोठ्यानं वाचतेय आणि खेकड्याला पर नसतात हे मला तेव्हापासून माहीत आहे. काल वाचता वाचता मधेच थांबले आणि तुझं कार्ड पुन्हा बघितलं.

चुकून नाही.

आठ खेकड्यांची चरबी काढली. एकही कवच भांड्यात जाऊ दिलं नाही, कारण कवच दिसलं असतं. चरबी वाटून नारळाच्या दुधात कालवली आणि ते दूध गाळून घातलं. गर्दीत होतं असं लिहिलं होतं ना मी? गर्दी जमायच्या आधी, सकाळी एकटी बसून केलं.

तुझा नवरा इथं शाळेचं छप्पर दुरुस्त करायला आला, तुला घेऊन निघाला, आणि तू त्याच्या पंथाची, खेकडा न खाणारी शनिवारवाली होऊन त्याच्यामागे निघालीस. मी त्याच्यात खोट शोधत होते. दारू नाही, शिवी नाही, रंध्याला धार अशी की फळीवरून हात फिरवत राहावं. तो चांगला माणूस आहे, हेच मला सहन होईना. वाईट असता तर तू परत आली असतीस.

त्या दुपारी तो तिसरा वाडगा पुढे करून म्हणाला, "मिस मिंटा, असं कालवण कोलोनमध्ये मिळालं असतं, तर मी या बेटावर पाय ठेवलाच नसता." सगळे हसले, तूही. मग मी म्हटलं, "लेवीय अकरा वाचून दाखवू का, एल्व्हन? तिसऱ्या वाडग्यानंतर ऐकायला बरा वाटेल."

वीस माणसं होती. कुणी चमचा हलवला नाही. त्यानं आपला चमचा पालथा ठेवला, म्हणाला, "जेवण चांगलं होतं," आणि उठून आपला वाडगा स्वतः विसळला. वाडगा विसळतानाची त्याची पाठ मला अजून दिसते. तू म्हणालीस, "मिंटा, तुझ्या घरात मी पुन्हा पाण्याचा घोट घेणार नाही." दुसऱ्या दिवशी गलबत सुटलं.

मला तेव्हा वाटलं, मी शास्त्राची बाजू घेतली. पण खेकडा तर मी स्वतःच खाते, दर हंगामात, बोटं चाटून. मग कसली बाजू?

एक गंमत सांगू? खाऊ नका असं सांगणारा अध्याय माझ्या वाट्याचा, आणि खेकडा मी खाते. पेत्राला आकाशातून निषिद्ध प्राण्यांनी भरलेली चादर उतरताना दिसते आणि 'खा' असा आवाज येतो तो, प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा, तुझ्या वाट्याचा, आणि खेकडा तू सोडलास. दोघींनी एकमेकींचाच अध्याय मनावर घेतला.

एल्व्हन म्हणेल की ती चादर जेवणाबद्दल नाही, माणसांबद्दल आहे. खरं आहे त्याचं. अकराव्यात पेत्र सगळी हकिगत पुन्हा सांगतो, आणि तो अकरावा माझा आहे. देवानं जवळ केलेल्या माणसाला परका म्हणणारा तू कोण, असा त्याचा अर्थ. पंचेचाळीस वर्षं मी तो वाचला आणि एका सुताराला जेवायला बसवून अपमान केला.

हे पत्र त्याला वाचून दाखव. क्षमा आधी त्याची मागायची आहे. तुझी नंतर.

मिंटा


ओल्ड प्रॉव्हिडन्स,
सोमवार, १२ मार्च १९८४

झेल्मा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोनदा हसायला आणि एकदा नीट.

ते पान मी पास्टरांच्या बायकोलाही दाखवलं, रागावू नकोस. तू लिहिलंयस: "मी वाचून दाखवत होते आणि तो रंधा मारत होता. थांबलासुद्धा नाही. म्हणाला, मला पहिल्या घासालाच कळलं होतं. मी बोकासच्या किनाऱ्यावरचा माणूस, खेकड्याची चरबी मला झोपेतही कळेल. मी म्हटलं, मग तीन वाडगे कसे खाल्लेस? तर म्हणतो, पहिला तुझ्या बहिणीच्या मानासाठी. दुसरा आणि तिसरा देवाकडे कबूल केलेत, तुझ्याकडे करायचे राहिले. मिंटा, अकरा वर्षं मी या माणसाच्या वतीनं तुझ्यावर रागावले. आता त्याच्यावर रागावलेय. तीन दिवस तो कारखान्यात फळ्यांमध्ये बसून जेवतोय, आणि मला वाटतं त्याला तिथं बरं वाटतंय."

त्याला घरात घे. पहिल्या वाडग्यासाठी तरी घे.

शेवटी तू विचारलंयस, "माझे दहा अध्याय दुसऱ्या कुणाला का देत नाहीस? अकरा वर्षं तुझ्या घरात माझे अध्याय कोण वाचतंय?"

कुणी नाही.

पहाटे उठते, गवती चहा करते, ओसरीवर पापांच्या खुर्चीत बसते. समोर तुझी खुर्ची. माझा अध्याय मोठ्यानं वाचते. मग तुझा येतो. त्याला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ गप्प बसते आणि चहा पिते. मग माझा पुढचा. लांब अध्याय असेल तर चहा निवतो. सुरुवातीला लोक विचारायचे, मिस मिंटा, मधेच का थांबता? आता कुणी विचारत नाही. शेजारच्या कोंबड्यांनाही वेळ कळलीय.

तुझे अध्याय मी वाचले असते, तर तू गेलीस हे खरं झालं असतं. बाकी काही कारण नाही.

तुला आठवतं, तू कुरकुर करायचीस की थोरलीला चांगलं चांगलं मिळतं? तेविसावं स्तोत्र मला, गल्याथ मला, जळती भट्टी मला. वंशावळ्याही जवळजवळ सगळ्या मलाच होत्या, ते तू विसरायचीस. एकशे एकोणिसावं स्तोत्र माझं, एकशे शहात्तर वचनं, आणि तू समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत हसायचीस. आता ऐक तुझ्याविना माझ्या बायबलात काय चाललंय.

इस्राएल लोक मिसरातून निघतात तो निर्गमाचा तेरावा माझा. समुद्र पार केल्यावर गाणं गातात तो पंधरावाही माझा. चौदावा तुझा. म्हणजे समुद्र ओलांडलाच नाही, आणि मी सकाळी सकाळी ओसरीवर मोकळ्या गळ्यानं गातेय. ईयोबाचं पहिल्याच दिवशी सगळं जातं आणि शेवटच्या अध्यायात परत मिळतं. शेवटचा बेचाळिसावा. तुझा. अकरा वर्षं तो माणूस राखेत बसलाय. योनाला मासा गिळतो, मग चहा, मग तो एकदम कोरडा ठणठणीत निनवेत उभा. कसा बाहेर आला कोण जाणे.

आज सकाळी रूथ होती. नामी रिकाम्या हातानं घरी येते, तो पहिला माझा. रूथ खळ्यावर जाऊन बवाजाच्या पायांशी निजते, तो तिसरा माझा. मग सगळं तसंच. लग्न नाही, बाळ नाही. बिचारी दर मार्चात खळ्यावरच.

ही सगळी गंमत झाली. आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. मत्तय सत्तावीस, मार्क पंधरा, लूक तेवीस, योहान एकोणीस. चारही जणांनी प्रभूला क्रूसावर दिलं ते अध्याय माझे आहेत. प्रत्येकाचा पुढचा अध्याय, तो कबरीतून उठतो तो, तुझा. दर वर्षी चार वेळा मी त्याला कबरीत ठेवते आणि चारही वेळा चहा पिते. चर्चमध्ये ऐकते ना मी, दर वर्षी ऐकते, पास्टर जीव ओतून सांगतात. पण आपल्या ओसरीवर अकरा वर्षांत तो एकदाही उठला नाही. आणि प्रकटीकरणाचा बाविसावा तुझाच असल्यामुळे बायबलही एकदा संपवलेलं नाही मी.

एक मात्र आहे. योहानाचा एकविसावा माझा. एकोणिसाव्यात कबर बंद झालेली असते. मग चहा. आणि एकदम तो किनाऱ्यावर उभा. काही खुलासा नाही. निखारे पेटवलेत, मासा भाजतोय, आणि जाळं ओढणाऱ्यांना हाक मारतोय: या, न्याहारी करा. झेल्मा, मी दर वर्षी दचकते. आपल्या साउथवेस्ट किनाऱ्याच्या वाळूवर कुणीतरी ओळखीचं असं अचानक दिसावं तशी. ज्यांनी सगळं वाचलंय त्यांना हे दचकणं मिळत नाही. तो कसा आला ते मला ठाऊक नसतं, पण तो आला, आणि येताना चूल पेटवूनच आला. या एका अध्यायावर मी अकरा वर्षं काढली.

तरी मला विसावा ऐकायचा आहे. तुझ्या तोंडून. तू म्हणतेस, येईन असं लिहीत नाही. नको लिहूस. पण नाही येणार असंही लिहिलेलं नाहीस, ते मी बघितलं.

आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंयस की तू कोलोनमध्ये दोघींचेही अध्याय वाचतेस, माझे माझ्या आवाजात, नाकातून. मी नाकातून वाचत नाही.

मिंटा


ओल्ड प्रॉव्हिडन्स,
रविवार, ८ एप्रिल १९८४

झेल्मा,

एफ्रिन उद्या निघतोय, म्हणून घाईत. कोलोनहून तो पुढच्या आठवड्यात, गुरुवारी १९ला, परत सुटेल आणि वारा बरा असला तर शुक्रवारपर्यंत इथं. त्याचं गलबत तुला माहीत आहे, पुढच्या बाजूला बस, मागे डिझेलचा वास येतो.

तू आली नाहीस तर तुझे दहा पास्टर वाचतील. मी हो म्हटलंय. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. म्हणाले, "मिस मिंटा, तुमच्या घरच्या नियमांची मला भीती वाटते."

तुझी गादी उन्हात टाकलीय. घरात दमट झालंय म्हणून. तुझ्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता, तोही बसवून घेतला. असंच.

मिंटा


ओल्ड प्रॉव्हिडन्स,
सोमवार, २३ एप्रिल १९८४

प्रिय एल्व्हन,

झेल्मा पोहोचली. ती सुखरूप आहे, फक्त नाक उन्हानं सोललंय. पत्र तीच लिहिणार होती, पण आत्ता ओसरीवर तुरीच्या शेंगा घेऊन बसलीय आणि म्हणते, "तूच लिही. माझं त्याच्याशी रोज बोलणं होतं, तुझंच अकरा वर्षं राहिलंय."

खरं आहे. म्हणून आधी तेच. त्या दुपारी मी तुमचा अपमान केला, ठरवून केला, आणि तुम्ही माझा वाडगा विसळून गेलात. मला क्षमा करा. झेल्मानं तुमचा निरोप सांगितला, की क्षमा तेव्हाच केली होती, फक्त टपालात टाकायची राहिली. तरी मला तोंडानं मागायची होती, ती मी कागदावर मागतेय.

आता शनिवारचं सांगते. झेल्मा तिच्या बाजूनं सांगेल तेव्हा त्यात वारा जास्त असेल आणि मी कमी, म्हणून माझ्याकडून ऐका.

गलबत शुक्रवारी यायचं होतं, आलं नाही. शनिवारी सकाळीही नाही. चर्चमध्ये मत्तय झाला, मार्क झाला, लूक झाला. चार वाजता मी पापांचं बायबल घेऊन उभी राहिले आणि योहानाचा पहिला वाचला. दुसरा पास्टर वेब्स्टरांनी. तिसरा मी, चौथा त्यांनी. ते वाचतात चांगलं, पण आठवडाभर ज्याचा ज्याचा घसा बसला त्याच्या जागी तेच उभे राहिले होते. दहाव्यात त्यांचा आवाज घोगरा झाला, चौदाव्यात फुटला. अठरावा कसाबसा कुजबुजत संपवला. प्रत्येक वेळी ते वाचायला उठले की मी दाराकडे बघायची. दारात फक्त आर्चबोल्डांचा कुत्रा होता.

एकोणिसावा मी वाचला. बाग, नवी कबर, त्यांनी त्याला तिथं ठेवलं. मी बायबल मिटलं नाही, पण खाली बसले. पास्टर उठले, तोंड उघडलं, काहीच आलं नाही. पाणी प्यायले, तरी नाही. मग माझ्याकडे वाकून कानात म्हणाले, "मिस मिंटा, विसावा तुम्हीच वाचा."

मी म्हटलं, "तो माझा नाही."

"बाहेर बघा. सूर्य बोटभर उरलाय."

"थोडं थांबू या."

"किती थांबायचं? त्याला कबरीत ठेवून लोकांना जेवायला पाठवू?"

सबंध चर्च माझ्याकडे बघत होतं. आर्चबोल्ड म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "मी अख्खं गीतरत्न वाचलं बायकोसमोर. तुला एक अध्याय जड होतो?" लोक हसले, आणि मला कळलं की ते माझ्यावर हसत नव्हते. सगळ्यांना माहीत होतं मी कुणाची वाट बघतेय. अकरा वर्षं सकाळी माझ्या कुंपणावरून जाणाऱ्या प्रत्येकानं माझी ती गप्प राहण्याची वेळ ऐकली होती.

एल्व्हन, मी उठले. ती आली नाही तरी तो उठलेला आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तिच्या येण्यावर मी त्याला अडवून ठेवलं होतं, हे बरोबर नव्हतं. पान उलटलं, त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. आठवड्याचा पहिला दिवस, अजून अंधार, मरिया कबरीकडे येते, बघते तर धोंड बाजूला. दोन वचनं वाचली असतील. माझा आवाज बरा चालला होता.

मागून कुणीतरी म्हणालं, "तो माझा अध्याय आहे."

दारात झेल्मा. एका हातात चपला, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला, केस वाऱ्यानं उभे. गलबत धक्क्याला लागायची वाट न बघता तिनं त्याच्या लहान होडीतून किनाऱ्याशी उडी मारली होती. तिच्या मागे एफ्रिन तिची पेटी डोक्यावर घेऊन धापा टाकत उभा.

मी म्हटलं, "उशीर केलास."

ती म्हणाली, "अकरा वर्षं हात लावला नाहीस, आणि आणखी पाच मिनिटं धीर निघाला नाही?"

ती ओल्या पायांनी मधल्या वाटेनं आली. फरशीवर पावलं उमटली, ती आज सकाळीही मिठानं पांढरी दिसत होती. तिनं माझं बोट पानावरून उचललं, आपलं ठेवलं, आणि पहिल्या वचनापासून पुन्हा सुरू केलं. मी तिच्या शेजारी उभी राहून ऐकलं.

एक गोष्ट मी विसरले होते. मरिया रडत असते, तो समोर उभा असतो, आणि तिला तो माळी वाटतो. तो खुलासा करत नाही, जखमा दाखवत नाही. फक्त तिचं नाव घेतो, आणि ती वळते. एवढंच आहे ते. मला वाटत होतं या अध्यायात फार मोठं काहीतरी असेल.

एकविसावा मी वाचला. झेल्मा म्हणते नाकातून. पण "या, न्याहारी करा" या ठिकाणी मी दचकले नाही, पहिल्यांदाच, कारण या वेळी मला माहीत होतं तो कुठून आला. दचकणं गेलं त्याचं जरा वाईट वाटलं. शेवटचं वचन संपलं तेव्हा खिडकीतून दिवसाचा शेवटचा उजेड येत होता आणि दिवा लावावा लागला नाही.

घरी आल्यावर झेल्मा ओट्याशी उभी राहिली आणि माठातलं पाणी प्यायली. तीन पेले. मी मोजले. तीच म्हणाली, "पहिला तुझ्या मानासाठी. बाकीचे दोन तहान लागली होती म्हणून." हे तिनं कुणाकडून उचललं ते तुम्हाला कळलं असेल.

रविवारी चर्चमध्ये प्रकटीकरण लिव्हिंगस्टनांनी वाचलं. नव्या पृथ्वीवर समुद्र राहणार नाही, हे ऐकून एफ्रिन शेजाऱ्याला म्हणाला, "मग मी काय करू?" त्याची बायको म्हणाली, "घरी बस."

आणि आज सकाळी आम्ही दोघी ओसरीवर बसलो. माझं रोजचं वाचन राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, पण ते बाजूला ठेवलं. प्रकटीकरणाचा एकविसावा मी वाचला. मग बाविसावा होता. चहा समोर होता, पण मी तो घेतला नाही. झेल्मानं वाचला, शेवटच्या आमेनपर्यंत. नदी, तिच्या दोन्ही काठांवरचं झाड, बाराही महिने फळ. नीरफणस असणार, झेल्मा म्हणाली. मी म्हटलं, आंबा. यावर अजून वाद चालू आहे.

ती तुमच्याकडे मेच्या मध्यावर परत येईल, मी अडवणार नाही. तिची खुर्ची जागेवरच राहील आणि तिचे अध्याय आता मी वाचेन, तिच्या आवाजात. ती म्हणते तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे, तेवढा सराव होईल.

तिला न्यायला मात्र तुम्ही या. कारखाना आठ दिवस बंद राहू शकतो. मी तुमच्यासाठी कालवण करणार आहे, आणि या वेळी त्यात काय आहे ते आधीच लिहून कळवते: खवल्यांचा लाल मासा, नारळाचं दूध, नीरफणस, कच्ची केळी, पिठाचे गोळे, पुदिना, एक अख्खी मिरची. भांडं नवं आहे. झेल्मानं स्वतः दुकानात जाऊन आणलं, आणि मला त्याला हात लावायच्या आधी हात धुवायला लावले.

पहिल्या घासाला तुम्हाला कळेलच. बाकीचे दोन वाडगे तुम्ही कुणाकडेही कबूल करायला नकोत.

तेव्हा या, जेवायला.

तुमची,
मिंटा